दुकानाचं खातं, फोन कुणाचा?

हळदीच्या अडत दुकानात कुठलंच खातं एकट्या माणसाचं नसतं. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून पाठवताना सोबत लागणारं सरकारी बिल, त्याचं लॉगिन मालक अण्णांच्या नावावर, पण बिल काढणार दिवाणजी. मेल दुकानाचा, तो सकाळी मी बघते, दुपारी वहिनी बघतात, आणि हंगामात जो मोकळा सापडेल तो. पासवर्ड कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेला आणि सगळ्यांना पाठ. ज्यांनी टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा मागणारं कुलूप, शोधून काढलं त्यांनी मात्र एक माणूस, एक फोन, एक खातं असंच धरलेलं आहे. आमची ओढाताण तिथून सुरू झाली. ॲप, घड्याळ, यूएसबीची तोंडं ही भांडणं त्याच्या मागून आली.

मी सांगलीत एका पेढीचं जीएसटीचं आणि एकूणच संगणकाचं काम बघते. सौदे मार्केट यार्डात, हिशेबाची पेढी गणपती पेठेत. ई-वे बिलाला टू-फॅक्टरची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली: ऑगस्ट २०२३ पासून शंभर कोटींच्या वरच्या उलाढालीला, २०२५ च्या जानेवारीत वीस कोटींच्या वर, फेब्रुवारीत पाच कोटींच्या वर, आणि १ एप्रिल २०२५ पासून सरसकट सगळ्यांना. आम्ही पाच कोटींच्या आतले, म्हणजे शेवटच्या रांगेतले. आणि एप्रिल म्हणजे राजापुरी हळदीच्या ऐन आवकेचे दिवस.

नोंदणी सोपी होती. पोर्टलवर लॉगिन करायचं, मेनूतून टू-फॅक्टर निवडायचं, हो म्हणायचं. त्यानंतर ओटीपी तीन वाटांनी मिळतो: एसएमएसनं, संदेस या सरकारी मेसेजिंग ॲपवर, किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाच्या ॲपमधून. हे ॲप पोर्टलवरूनच उतरवून घ्यावं लागतं. त्यातला ओटीपी दर तीस सेकंदांनी बदलतो आणि तो बघायला इंटरनेट लागत नाही.

मोबाइल नंबर अर्थातच अण्णांचा नोंदवलेला. अण्णा सकाळी यार्डात, फोन सदऱ्याच्या खिशात आणि भोवती सौद्याचा गलका. इकडं पेढीवर ट्रक भरून उभा, ड्रायव्हरचे दोन चहा झालेले, आणि दिवाणजी फोन कानाला लावून बसलेले.

"अण्णा, आकडे आलेत बघा."

"थांबा ओ, हुबळीवाल्याची बोली चाललीय."

"अण्णा, गाडी खोळंबलीय की."

तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा नवा. अण्णांना मेसेज उघडून आकडे वाचायचे तर फोन कानापासून काढायला लागतो, आणि काढला की त्यांचं बोट हमखास लाल बटणावर पडतं.

याचा उपाय पोर्टलमध्येच होता आणि तो टू-फॅक्टरच्या आधीपासून होता: सब-युजर. मुख्य लॉगिनमधून पेढीतल्या माणसांना वेगवेगळी लॉगिनं देता येतात, आणि ज्याचा नंबर नोंदवला त्याच्याच फोनवर त्याचा ओटीपी जातो. आजवर कुणाला गरजच वाटली नव्हती, कारण एक पासवर्ड सगळ्यांत चालत होता. मी दिवाणजींचं आणि वहिनींचं वेगळं लॉगिन काढून दिलं. दिवाणजी तीस-पस्तीस वर्षं त्या गादीवर बसतात. स्वतःच्या नावानं लॉगिन झाल्यावर ते जरा सावरून बसले आणि म्हणाले, "म्हणजे आता चुकलं तर माझ्या नावावर." मी म्हटलं, आणि बरोबर आलं तर तेही तुमच्याच नावावर. अण्णांना हे फारसं रुचलं नाही. कुणी कुठलं बिल किती वाजता काढलं ते दिसतं म्हटल्यावर मात्र रुचलं.

इथवर ठीक होतं. पण त्याच सुमारास यार्डात एका व्यापाऱ्याच्या मेलमध्ये कुणीतरी शिरलं आणि त्याच्या गिऱ्हाइकाला "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असं पत्र त्याच्याच मेलवरून गेलं. ही बातमी यार्डात हळदीच्या भावापेक्षा वेगानं फिरली. अण्णांचं फर्मान निघालं, सगळ्याला टू-फॅक्टर लावा. सगळ्याला म्हणजे मेल, वेबसाइटचं नाव जिथं घेतलंय ते खातं, हिशेबाचा ऑनलाइन बॅकअप, आणि परराज्यातल्या एका मसाला कंपनीचं विक्रेत्यांसाठीचं पोर्टल.

आपल्याकडं ओटीपी म्हणजे एसएमएस हे समीकरण घट्ट आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्डव्यवहाराला पासवर्डसारखा जादा पडताळा २००९ सालीच सक्तीचा केला, आणि पुढं त्याची जागा मोबाइलवरच्या ओटीपीनं घेतली. तेव्हापासून बोटं मेसेजकडंच जातात. पण बाहेरच्या बऱ्याच सेवा मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर ॲपला, म्हणजे फोनातच कोड तयार करणाऱ्या ॲपला, पसंती देतात, आणि माझंही मत तेच. सिम दुसऱ्यानं काढून घेतलं तर एसएमएसचं कुलूप त्याच्याच हातात जातं. शिवाय ॲपला रेंज लागत नाही. सांगलीत रेंजशिवाय काम चालणं ही चैन नाही; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं सत्तावन्न फूट ओलांडलं तेव्हा वीज गेली, फोन बंद पडले, आणि ओटीपी मागणारं प्रत्येक काम जिथल्या तिथं थांबलं.

तर ऑथेंटिकेटर ॲप. वहिनींच्या फोनवर पहिल्या फटक्यात चाललं. दिवाणजींच्या फोनवर नाही. त्याच ॲपची तीच आवृत्ती, तोच क्यूआर, आणि तरी प्रत्येक कोडला "चुकीचा कोड". ॲप काढून परत टाकलं, फोन बंद-चालू केला, क्यूआर नव्यानं घेतला. त्याच फोनवर ई-वे बिलाचा एसएमएस व्यवस्थित येत होता, म्हणून संशय ॲपवरच. शेवटी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वहिनींच्या फोनवर अकरा वाजून चार मिनिटं, दिवाणजींच्या फोनवर अकरा नऊ.

"दिवाणजी, घड्याळ पुढं आहे तुमचं."

"मुद्दाम ठेवलंय. तासगावची एसटी चुकू नये म्हणून."

या ॲपचं सगळं गणित घड्याळावर उभं आहे. क्यूआरमध्ये एक गुप्त किल्ली असते, ती फोनकडंही राहते आणि सर्व्हरकडंही. दोघंही आपापल्या घड्याळातली वेळ घेतात, तिचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात, चालू तुकड्याचा क्रमांक किल्लीशी मिसळतात आणि त्यातून सहा आकडे काढतात. दोघांत बोलणं होत नाही. वेळ जुळली तर आकडे जुळतात. ही पद्धत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. सर्व्हर साधारणपणे मागच्या-पुढच्या एखाद्या तुकड्याची सवलत देतो. दिवाणजी दहा तुकडे पुढं होते. शील्ड ॲपचंही तेच: ॲपमधली वेळ पोर्टलच्या वेळेशी जुळलेली लागते.

फोनच्या सेटिंगमध्ये "वेळ आपोआप" केलं आणि पुढचाच कोड लागला. पण दिवाणजींचा चेहरा पडला. पाच मिनिटं पुढं ही त्यांची तिशीतली सवय. आता ते एसटीसाठी गजर लावतात आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पुढं करून ठेवलंय. ते घड्याळ कुठल्याच सर्व्हरला जोडलेलं नाही, तेव्हा माझी हरकत नाही. याच जातीची एक गोम सांगते. काही फोनांत टाइम झोन चुकून कराचीचा लागतो आणि माणूस काटे हातानं पुढं सरकवून भारतीय वेळ दिसेल असं करतो. वर दिसणारी वेळ बरोबर, आतली जागतिक वेळ अर्धा तास चुकलेली. असला फोन समोर आला की भले भले चक्रावतात, कारण घड्याळाकडं बघून काहीच चुकीचं दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न: मेल एक आणि बघणारे तिघं. बऱ्याच जणांना वाटतं की क्यूआर एकाच फोनचा. तसं नाही. किल्ली एकच असते आणि ती ज्या ज्या फोनात जाईल तो तो फोन तेच आकडे दाखवतो. म्हणून क्यूआर पडद्यावर असतानाच दोन फोनांनी तो टिपून घ्यायचा. नंतर बहुतेक ठिकाणी तो पुन्हा दिसत नाही. आम्ही माझ्या आणि वहिनींच्या फोनवर घेतला. दिवाणजींना मेल नको होता, "नको ते इंग्रजी पत्रांचं लचांड." अण्णांना पाहिजे होता, पण त्यांचा दुसरा फोन बटणांचा, आणि हातातल्या स्मार्टफोनची अँड्रॉइड आवृत्ती इतकी जुनी की प्ले स्टोअर ॲप दाखवतच नव्हतं. त्यांच्यासाठी किल्ली कागदावर घेतली.

क्यूआरच्या खाली "स्कॅन होत नाही?" अशी बारीक ओळ असते, ती दाबली की किल्ली अक्षरांत मिळते. ज्या फोनवर खातं उघडलंय त्याच फोनवर ॲप टाकायचं असेल तर हाच सोपा मार्ग, कारण फोन स्वतःचा कॅमेरा स्वतःच्याच पडद्याकडं कसा वळवणार? ही किल्ली फोनवरून वाचून दाखवायची वेळ आली तर एक गोष्ट फार कामाला येते. तिच्यात ए ते झेड अक्षरं आणि फक्त २ ते ७ हे आकडे असतात. शून्य नाही, एक नाही, आठ नाही, नऊ नाही. म्हणजे गोल दिसलं की ते ओच, उभी रेघ दिसली की आय किंवा एल, एक कधीच नाही. पुण्याहून अण्णांचा मुलगा वाचून घेत होता तेव्हा "शून्य की ओ?" असं दर चार अक्षरांनी विचारत होता. हे सांगितल्यावर थांबला.

मसाला कंपनीच्या पोर्टलनं वेगळाच पेच टाकला. क्यूआर टिपला, ॲपनं खूश होऊन सहा आकडे दाखवले, आणि पोर्टलची चौकट आठ आकडे मागत बसली. चूक खरं तर कुणाचीच म्हणता येत नाही. प्रमाण पद्धतीत आकडे सहाऐवजी आठ, मुदत तीसऐवजी साठ सेकंद, आणि आतलं गणितही वेगळं ठेवायची मुभा आहे, आणि तसं क्यूआरमध्ये लिहिताही येतं. पण काही ॲप ती वाक्यं वाचतच नाहीत. गुपचूप नेहमीचे सहा आणि तीस धरून चालतात आणि चुकीचे आकडे छातीठोकपणे दाखवतात. आठ आकड्यांचं दिसतं तरी. मुदत साठ सेकंदांची असेल तर आकडे सहाच येतात आणि माणूस घड्याळाला दोष देत बसतो. ॲप बदललं, दुसऱ्या ॲपनं आठ दाखवले, काम झालं. एका फोनवर आता दोन ऑथेंटिकेटर आहेत, आणि वहिनींनी दुसऱ्याला फोनच्या पडद्यावर "मसाला" नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकलंय.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो मेलनं, आणि तोही माणसांपायी नाही, यंत्रांपायी. वजनकाट्याला जोडलेलं सॉफ्टवेअर जुनं, म्हणून पेढीचा तो संगणक अजून विंडोज ७ वर. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये काढला, क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्या संगणकावर मेल एका जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये उतरायचा. आणि कोपऱ्यातला प्रिंटर तोलाईच्या पट्ट्या स्कॅन करून मेलवर पाठवायचा. ना त्या प्रोग्रॅमला सहा आकडे विचारता येतात, ना प्रिंटरला. मेल आमचा जीमेलवर आहे. नुसता पासवर्ड घेऊन आत शिरणाऱ्या असल्या जुन्या प्रोग्रॅमांची "कमी सुरक्षित ॲप" ही सवलत गुगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ ला बंद केली होती. त्यामुळं आमचा प्रिंटर तेव्हापासूनच रुसलेला होता, आणि लोक पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून भागवत होते. गंमत अशी की टू-फॅक्टर लावल्यावर तो परत चालू करता आला. टू-फॅक्टर चालू असेल तरच गुगल "ॲप पासवर्ड" देतं: सोळा अक्षरं, एका यंत्रापुरती, त्याला पुढं काही विचारलं जात नाही.

ती सोळा अक्षरं प्रिंटरच्या चार बोटं रुंद पडद्यावर बाणांनी एकेक निवडून घालणं हा प्रकार ज्यानं केलाय त्यालाच कळेल. आमचा हमाल पोरगा मागं उभा राहून अक्षरं वाचत होता आणि मी बाण दाबत होते. स्कॅन गेला तेव्हा त्यानंच टाळी वाजवली. पुढं आठवड्याभरात अण्णांनी कुणाचं तरी ऐकून मेलचा पासवर्ड बदलला आणि प्रिंटर पुन्हा मुका. मुख्य पासवर्ड बदलला की गुगल आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. ते योग्यच आहे, पण प्रिंटरच्या मागं हे कुणी लिहून ठेवत नाही. आता लिहून ठेवलंय, चिकटपट्टीनं. प्रिंटरसाठी वेगळा मेलही काढलाय, ज्यात दुसरं काहीच नाही. ॲप पासवर्ड म्हणजे शेवटी कुलपाला वळसा. ज्या खात्यात गिऱ्हाइकांची पत्रं आहेत तिथं तो नसलेला बरा.

अण्णांच्या मुलानं पुण्याहून एक यूएसबी सिक्युरिटी की आणली होती, म्हणजे कोडऐवजी संगणकाला जोडायची किल्ली. उत्तम वस्तू, फसव्या वेबसाइटला ती बधत नाही. तोंड मात्र तिचं यूएसबी-सी, पेढीच्या संगणकाला जुनी चौकोनी भोकं, त्यांतलं एक वजनकाट्याला आणि दुसरं डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनला. फोनला टेकवून चालवायची तर दिवाणजींच्या आणि माझ्या, दोन्ही फोनांत एनएफसी नाही. दिवाणजींनी सुचवलं, "ते डीएससीचं आहे की आधीच, तेच लावा." दिसायला दोन्ही पेनड्राइव्हच. पण डीएससीत संगणकावरच्या कागदपत्रांवर सही करायचं प्रमाणपत्र असतं, त्याला आपला ड्रायव्हर आणि पिन लागतो. मेलच्या टू-फॅक्टरला ते ओळखू येत नाही. ती की सध्या मुलाच्याच किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

वेबसाइटच्या नावाचं खातं उघडताना कळलं की त्यावर नंबर आमच्या जुन्या संगणकवाल्या पोराचा आहे. तो कोल्हापूरला गेला, त्यानं तो नंबर रिचार्ज करायचा सोडला, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडं. मी फोन लावला तर पलीकडून विदर्भातल्या एक बाई बोलल्या, "हो जी, तुमचे मेसेज येऊन राह्यले माझ्याकडं. कोण हाय तुम्ही?" त्यांनी ओटीपी सांगायची तयारी दाखवली. मी मागितला नाही. एकदा मागितला तर त्याच नंबरवर दुकान बांधलेलं राहिलं असतं. कंपनीला लेटरहेडवर अर्ज, पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र असं सगळं पाठवलं. पत्रापत्री बरीच झाली, पण खातं पेढीच्या नावावर आलं. ज्यांच्या दुकानात माणसं येतात-जातात त्यांनी आपली खाती आज उघडून फक्त नंबर कुणाचा आहे तेवढं बघावं. टू-फॅक्टर लावायच्या आधी बघावं.

फोन बदलताना काय होतं तेही वहिनींच्या फोनवर बघून झालं, कारण मे महिन्यात त्यांनी नवा घेतला. गुगल ऑथेंटिकेटरमधून खाती हलवताना जो क्यूआर येतो तो साधा नसतो, गुगलच्या स्वतःच्या घडणीचा असतो. दुसऱ्या कंपनीची काही ॲप तो वाचतात, काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲपचा आयफोनवरचा बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि तो अँड्रॉइडवर उघडत नाही. वहिनी अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर गेल्या म्हणून निभावलं. जुना फोन दुकानदाराला देण्याआधी नव्या फोनवरून प्रत्येक खात्यात एकदा शिरून बघा असं मी म्हटलं, आणि त्यांनी खरंच दुकानदाराला काउंटरवर ताटकळत ठेवून ते केलं.

राहिले बॅकअप कोड. गुगल दहा देतं, आठ-आठ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. सगळे सांगतात कागदावर छापून कपाटात ठेवा. सांगलीत गणपती पेठेतल्या तळमजल्याच्या कपाटात कागद ठेवणं म्हणजे कृष्णामाईला देणं. एक प्रत अण्णांच्या विश्रामबागच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात. दुसरी पेढीच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या चोपड्यांच्या वर. किल्ल्यांचा कागदही तिथंच. वापरलेल्या कोडवर रेघ मारायची आणि शेजारी नाव लिहायचं. आत्तापर्यंत एकच रेघ आहे आणि शेजारी अण्णांची सही.

मुलगा आता म्हणतो पासकी घ्या, म्हणजे फोनच्याच लॉकनं खात्यात शिरायचं, पासवर्डच नको. अण्णांनी मला विचारलं. म्हटलं, फोनला किमान अँड्रॉइड ९ लागेल, संगणकाला विंडोज १०, आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते काटेवाल्याला विचारायला लागेल. अण्णांनी जरा विचार केला. "पाडव्याला बघू. काटेवाल्याला फोन लाव तोवर." काटेवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावर आहे, पासवर्ड खोडून टाकलाय त्याच्या खाली.